मालगाडीचें चित्र आणि शहाण्यांचा आक्षेप

आपल्या समाजांत माणसांचीच काय, पण छंदांचीही जातवारी ठरलेली आहे. सतारीचा नाद असला तर तो मनुष्य रसिक. जुनीं नाणीं जमविणारा संशोधक. पहांटे तळ्याकांठीं बसून बगळे मोजणारा निसर्गप्रेमी. परंतु तोच मनुष्य कॅमेरा गळ्यांत अडकवून लोहमार्गालगतच्या टेकडीवर जाऊन बसला आणि घाट चढून येणाऱ्या मालगाडीची वाट पाहूं लागला, कीं घरचे म्हणतात, ‘याला कांहीं काम नाहीं’. शेजारी म्हणतात, ‘याचें डोकें फिरलें आहे’. आणि वाटेंत एखादा शिपाई भेटला तर तो म्हणतो, ‘याचा बेत कांहीं बरा दिसत नाहीं’. रिकामटेकडा, वेडा आणि संशयित अशा तीन पदव्या एकाच छंदानें एकाच दिवशीं मिळवून द्याव्या, हें भाग्य दुसऱ्या कोणत्याही छंदाच्या वांट्यास आलेलें नाहीं. या तिन्ही निवाड्यांचा आम्ही येथें क्रमानें समाचार घेणार आहों; कारण आमच्या मतें तिन्ही निवाडे चुकीचे आहेत, आणि त्यांच्या पायीं आपल्या देशाच्या एका मोठ्या व्यवहाराची नोंद हातची जाण्याचा प्रसंग आहे.

प्रथम हे लोक करतात काय तें सांगितलें पाहिजे. कारण टीका करणारांपैकीं बहुतेकांस त्याची माहिती नसते. यांत कॉलेजांतले विद्यार्थी आहेत, कारकून आहेत, डॉक्टर आहेत, आणि खुद्द रेल्वेंत चाकरी करणारेही आहेत. त्यांतील जे खरे नादी, ते नुसतें चित्र काढून थांबत नाहींत. इंजिनाचा क्रमांक व जात, तें कोणत्या शेडचें, मागें वाघिणी किती, त्या उघड्या कोळशाच्या, बंद धान्याच्या कीं तेलाच्या टाक्यांच्या, गाडी कोणत्या दिशेनें गेली, हें सर्व ते तारीखवार टिपून ठेवतात. मालाच्या डब्यास मराठींत वाघीण म्हणतात, हेंही आतां सांगावें लागतें. जुन्नर तालुक्यांत तर वाघीण म्हटली कीं ऐकणारा प्रथम उंसाच्या फडाकडे पाहील. कारण तेथें बिबट्या घरोघरचा आणि आगगाडी मात्र पाहुणी म्हणूनही आलेली नाहीं.

जुन्नरचें नांव आम्ही उगीच घेतलें नाहीं. पहिल्या आक्षेपाचें, म्हणजे ‘याचा उपयोग काय?’ या प्रश्नाचें, उत्तर आम्हांस त्याच तालुक्यांतल्या खोडद गांवीं सांपडतें. जुन्नर व आंबेगांव या दोन्ही तालुक्यांत आज हातभर रूळ नाहीं. नारायणगांवचा टोमॅटो काय किंवा ओतूरचा कांदा काय, मोटारींतूनच परगांवीं जातो. परंतु खोडदच्या माळावर जगांतील एक मोठी रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेंतून व हिकमतींतून ती उभी राहिली. प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. पैकीं १४ मध्यभागीं सुमारें एका चौरस किलोमीटरांत, व उरलेल्या १६ तीन भुजांवर दूर दूर पसरलेल्या. २०२३ सालच्या जानेवारींत असें जाहीर झालें कीं, सुमारें ८८० कोटी वर्षांपूर्वीं एका दीर्घिकेंतील हायड्रोजनपासून निघालेली क्षीण लहर या तबकड्यांनीं टिपली. दरवर्षीं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तेथें दारें उघडतात, तेव्हां शाळांच्या मुलांची व सुशिक्षित कुटुंबांची रीघ लागते.

आतां आम्ही विचारतों, या रिघेंत एकानें तरी कधीं ‘या लहरीचा भाव काय?’ असें विचारलें आहे काय? विचारलें नाहीं, आणि विचारूं नये हेंच योग्य. जें आहे तें नीट टिपून ठेवणें ही स्वतःच एक मोलाची गोष्ट आहे, एवढी समज या बाबतींत तरी आपल्या घरांत रुजलेली आहे. मग तीच मंडळी गाडींत बसून परत फिरतात आणि वाटेंतल्या फाटकावर मालगाडीचें चित्र काढणाऱ्या तरुणास हंसतात, तेव्हां ती समज कोठें जाते? ज्योतिषशास्त्रज्ञ आणि हौशी छायाचित्रकार यांस आम्ही एका पंक्तीस बसवीत नाहीं. शास्त्रज्ञाच्या टिपणामागें सिद्धांत असतो, गणित असतें; हौशी मनुष्याच्या टिपणामागें बहुधा नुसतें प्रेम असतें. परंतु टिपण खरें असेल, तारीखवार असेल, तर तें प्रेमापोटीं केलें म्हणून कमी प्रतीचें ठरत नाहीं. कोणत्या नोंदीचा उपयोग कोणास केव्हां होईल हें नोंद करणारास ठाऊक नसतें. तें ठाऊक झाल्यावरच नोंद करूं असें म्हणणारा मनुष्य कधींच नोंद करीत नाहीं, एवढें मात्र ठाऊक असतें.

उपयोगाचा प्रश्न ज्यांस अजून सुटत नसेल त्यांनीं त्याच तालुक्यांतील नाणेघाटांत जावें. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणांतील बंदरांचा माल याच घाटानें जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, अशी परंपरा सांगते. लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. कोणते यज्ञ केले, त्यांत गाई किती, घोडे किती, कार्षापण किती दक्षिणा दिली, हें त्या लेखांत आंकड्यांनिशीं कोरलेलें आहे. भारतांतील प्राचीन आंकड्यांच्या अभ्यासकांस तो लेख म्हणजे खाणच आहे. परंतु ज्या मालाच्या बळावर ती दक्षिणा देतां आली, तो माल काय होता? एका दिवसांत बैल किती चढत? त्यांच्या पाठीवर गोणी कसल्या, हांकणारे कोण, घाटांत बैल पडला तर काय करीत? या भिंतीवर त्याबद्दल एक अक्षर नाहीं. राजाची दक्षिणा दगडावर राहिली आणि वाण्याचा बैल धुळींत गेला. आज त्या बैलांचें एक ओबडधोबड चित्र कोणीं कोरलेलें सांपडलें, तर विद्यापीठें त्यावर परिषदा भरवतील. मग आजचा बैल, म्हणजे मालगाडी, डोळ्यांदेखत जात असतां तिचें चित्र काढणारास रिकामटेकडा म्हणणें ही कोणत्या शास्त्रांतली बुद्धि?

आणि हा बैल लहान नाहीं. २०२४–२५ या सालांत भारतीय रेल्वेनें १६० कोटी टनांहून अधिक माल वाहिला. त्यांत निम्म्याच्या आसपास नुसता कोळसा. रेल्वेच्या उत्पन्नाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग मालाचा. ज्या स्वस्त तिकिटावर आपण आजोळीं व यात्रेस जातों, त्या तिकिटाची तूट ही मालगाडी भरून काढते. आपल्या घरांतला दिवा, पोळीचा गहूं, भिंतीचें सिमेंट, शेताचें खत हें सर्व त्या मळकट वाघिणींतून येतें. आपलें साहित्य मात्र डेक्कन क्वीनच्या खिडकीपलीकडे जात नाहीं. प्रवासवर्णनांत मालगाडी येते ती केवळ आपली गाडी बाजूला उभी करून ठेवणारी अडचण म्हणून.

शिवाय मालगाडीचें रूप स्थिर नाहीं. तें भराभर पालटत आहे. चार चाकांच्या जुन्या वाघिणी मुख्य मार्गांवरून गेल्या. गाडीच्या शेंपटीशीं हिरवा दिवा दाखवीत उभा असणारा गार्ड २०२२ च्या जानेवारीपासून कागदोपत्रीं ‘ट्रेन मॅनेजर’ झाला. आणि कित्येक मालगाड्यांतून त्याचा डबाच काढून शेवटच्या वाघिणीस एक लहानसें यंत्र लावण्यास आरंभ झाला आहे. बोरघाटाचीच गोष्ट घ्या. कर्जतहून लोणावळ्यास चढतांना सदतिसास एक असा चढ आहे. तेथें गाडीस मागून इंजिनें लावून रेटा द्यावा लागतो. १९२८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें बांधलेलीं विजेचीं इंजिनें येथें आलीं. त्यांच्या विचित्र आवाजावरून व डुलण्यावरून लोकांनीं त्यांस ‘खेकडा’ असें नांव दिलें. पुढें चित्तरंजन येथें बांधलेलीं डब्ल्यूसीजी-२ जातीचीं इंजिनें हा रेटा देऊं लागलीं. मुंबईच्या बाजूस १९२५ पासून चालत आलेला १५०० व्होल्टांचा एकमार्गी प्रवाह २०१६ पर्यंत पुरता बदलला, आणि त्याबरोबर हींही कामावरून गेलीं. पावसाच्या धुक्यांत दांत-ओठ खात गाडीस मागून रेटणाऱ्या त्या इंजिनांचीं चित्रें आज जीं पाहावयास मिळतात, त्यांपैकीं अनेक याच ‘रिकामटेकड्यां’नीं, पदरचे पैसे खर्चून व छत्री सांवरून, काढलेलीं आहेत.

आतां दुसरा आक्षेप. हा शेजाऱ्यांचा, व म्हणून अधिक विद्वत्तेचा. ते म्हणतात, ‘मालगाडीचें एक वेळ चालेल, पण वाफेच्या इंजिनाचा हा उमाळा कशासाठीं? तें यंत्र काळें, धुरकट, मजुरांचा जीव घेणारें; आणि वर इंग्रजांच्या राज्याची खूण. त्याला कुरवाळणें म्हणजे गुलामगिरीची हळहळ.’ या आक्षेपांत तथ्य मुळींच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. १८६३ सालीं बोरघाटाचा मार्ग खुला झाला त्यापूर्वीं पटकी, ताप व अपघात यांनीं त्या कामावर हजारों मजूर मेले. भट्टीपुढें उभा राहून उन्हाळ्यांत कोळसा ओढणाऱ्या आगवाल्याचें जिणें काव्यमय नव्हतें. परंतु यावरून निष्कर्ष काय निघतो? त्या कष्टांची खूण पुसून टाकावी असा, कीं नीट जपून ठेवावी असा? रायगडाच्या पायऱ्या घडवितांना पाथरवटांचे हात फुटले असतील; म्हणून रायगड विसरावा असें कोणी म्हणत नाहीं. ज्या चित्रांत इंजिनाच्या दारांतून बाहेर झुकलेला, घामानें चमकणारा आगवाला दिसतो, तें चित्र त्या मनुष्यावर अन्याय करीत नाहीं. त्याला विसरणारे करतात.

आणि वाफेचें इंजिन इंग्रजांचेंच, ही तरी समजूत कोठून आली? १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेलीं इंजिनें विलायती होतीं, हें खरें. परंतु स्वतंत्र भारताचा चित्तरंजनचा कारखाना १९५० सालीं निघाला तो वाफेचीं इंजिनें बांधण्यासाठींच, आणि १९७२ पर्यंत तेथें २३५१ इंजिनें तयार झालीं. तीं आपल्या कारागिरांच्या हातचीं. मोठ्या रुळांवरचें तें नियमित काम १९९५ सालीं संपलें. विदर्भांतील मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरची ‘शकुंतला’ १९९४ सालापर्यंत वाफेवर धांवत होती. म्हणजे हें कांहीं पुराणकाळचें प्रकरण नव्हे. आज चाळिशी उलटलेल्या वऱ्हाडी माणसानें ती शिटी स्वतः ऐकलेली आहे. आपली भाषा तर अजून ‘आगगाडी’ असेंच म्हणते. आग कधींच विझली, शब्द मात्र धगधगता राहिला. आणि त्या शब्दाचा अर्थ मुलांस दाखवावयाचा तर चित्रावांचून दुसरें साधन बहुतेक गांवीं नाहीं.

साधन नाहीं असें म्हणतांच कोणी म्हणेल, ‘स्टेशनापुढें चौथऱ्यावर इंजिन उभें असतें कीं!’ उभें असतें खरें. परंतु तें इंजिनाचें शव होय. दरसाल रंगाचा एक हात त्यावर चढतो, त्याखालीं गंज चालूच असतो. वाफेच्या इंजिनाचें सर्व मर्म चालण्यांत आहे: दट्ट्या कसा सरकतो, दांड्या चाकांशीं कसा खेळ मांडतात, चढावर श्वास कसा तुटक होतो, हें उभ्या लोखंडांत कसें दिसावें? १८५५ सालचें ‘फेअरी क्वीन’ १९९७ सालीं पुन्हां धांवूं लागलें, रेवाडीच्या जुन्या शेडमध्यें वाफेचीं इंजिनें जिवंत ठेवण्याचा उद्योग झाला, तो याच कारणानें स्तुत्य होय. याच्या उलट ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं गुजरातेंत एकतानगर व अहमदाबाद यांच्या दरम्यान ‘वारसा गाडी’ म्हणून जी सुरू करण्यांत आली, तिचें इंजिन विजेचें आणि सोंग मात्र वाफेच्या इंजिनाचें. आमचा या सोंगास स्पष्ट विरोध आहे. तमाशांतल्या राजास राजा म्हणण्यांत गंमत असते, कारण प्रेक्षकांस तो तमाशा आहे हें ठाऊक असतें. वारशाच्या नांवावर सोंग उभें केलें कीं पुढच्या पिढीस खरें व खोटें यांतला फरकच कळेनासा होतो. तो फरक सांगणारा पुरावा म्हणजे तारीखवार काढलेलीं खरीं चित्रें.

नादी माणसांच्या प्रेमांत बळ किती असतें हें पाहावयाचें तर विलायतेकडे पाहावें. वेल्समधील टॅलिलिन येथील लहानशी रेल्वे बंद पडणार होती. ती १९५१ सालीं हौशी स्वयंसेवकांनीं चालविण्यास घेतली. १९६८ सालीं ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफ गेली. बॅरी येथील भंगारवाल्याकडे आलेल्या २९७ इंजिनांपैकीं २१३ इंजिनें हौशी मंडळ्यांनीं विकत घेऊन वांचविलीं. अमेरिकेंत ओ. विन्स्टन लिंक या छायाचित्रकारानें १९५५ ते १९६० या काळांत नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या गाड्या रात्रीच्या अंधारांत, दिव्यांच्या लखलखाटांत टिपल्या. ती रेल्वे वाफ सोडून मोकळी झाली, आणि आज ते दिवस पाहावयाचे तर लोक त्याचीं चित्रें पाहतात. आपल्याकडेही पुण्यास कोथरूडमध्यें भाऊ जोशी यांनीं केवळ नादापायीं लहान आगगाड्यांचें संग्रहालय उभें केलें, तें पाहावयास जाणारीं कुटुंबें त्यांस वेडे म्हणत नाहींत. वेड फळास आलें कीं त्याला आपण कर्तृत्व म्हणतों. अंकुरत असतां मात्र हंसतों.

तिसरा निवाडा शिपायाचा. आमच्या एका विद्यार्थ्यास एका स्टेशनाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर उभा राहून मालगाडीचें चित्र घेतल्याबद्दल दोन तास बसवून ठेवण्यांत आलें. स्टेशनाचें नांव आम्ही सांगत नाहीं; कारण दोष एका स्टेशनाचा नसून एका मनोवृत्तीचा आहे. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही आहे. परंतु त्याच कायद्याप्रमाणें लोहमार्ग हा आपोआप निषिद्ध प्रदेश होत नाहीं. केंद्र सरकारनें राजपत्रांत तसें जाहीर करावें लागतें. ज्या युगांत उपग्रह प्रत्येक यार्डाचें चित्र आकाशांतून काढतात, त्या युगांत टेकडीवर बसलेल्या पोरानें काढलेल्या कोळशाच्या वाघिणीच्या चित्रानें राज्य धोक्यांत येईल, असें मानणें हा राज्याचाच अपमान आहे. दारूगोळा, पूल, लष्करी माल यांबाबत निर्बंध असावे, व ते पाळले जावे. स्टेशनाच्या आंत परवानगी लागेल तेथें ती घ्यावी. पण नियम स्पष्ट लिहिलेला असावा. शिपायाच्या मर्जीवर टांगलेला नसावा.

इतकें बोलल्यावर नादी मंडळींसही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अलीकडे क्षणभराच्या चलच्चित्रासाठीं रुळांवर उभें राहून, धांवत्या गाडीकडे पाठ करून, आपलेंच तोंड टिपणारे वीर निघाले आहेत. त्यांत कित्येकांचे प्राणही गेले. यांचा व रेल्वेच्या नादाचा कांहीं संबंध नाहीं. यांस गाडी दिसतच नाहीं, स्वतःचें मुख तेवढें दिसतें. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणें विनापरवाना रेल्वेच्या हद्दींत शिरणें हा गुन्हा आहे, व त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. ती सांगितली हें बरेंच झालें. दुसरा दोष सौम्य पण सार्वत्रिक आहे: सुंदर चित्र काढावयाचें, आणि खालीं तारीख, ठिकाण, क्रमांक कांहींच लिहावयाचें नाहीं. असें चित्र भिंतीवर टांगण्यास ठीक. इतिहासास तें निरुपयोगी. नाणेघाटाच्या लेखाचें मोल त्याच्या आंकड्यांत आहे, हें विसरूं नये.

मग करावें काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत. खोडदची दुर्बीण इतकी नाजूक, तरी तिचें दार वर्षांतून एकदां लोकांस उघडतें. मग रेल्वेच्या शेडचीं व यार्डांचीं दारें वर्षांतून एक दिवस, देखरेखीखालीं, कां उघडूं नयेत? सार्वजनिक जागेवरून चित्र काढण्याबाबतचा नियम मराठींत लिहून प्रत्येक स्टेशनावर लावावा. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीं अशीं तारीखवार चित्रें स्वीकारून जपावीं. कारण संग्राहकाच्या मागें घरचीं माणसें तीं रद्दींत घालतात, हा अनुभव दुर्मीळ नाहीं. आणि घरच्यांनीं, म्हणजे या मासिकाच्या वाचकांनीं, आपल्या मुलीस वा मुलास हा नाद लागला असेल तर हंसण्याऐवजीं एक वही आणून द्यावी.

जुन्नर-आंबेगांवकरांस यांत विशेष लक्ष घालण्याचें कारण आहे. पुणें–नाशिक हा सुमारें २३५ किलोमीटरांचा लोहमार्ग नारायणगांवावरून जावयाचा होता. दुर्बिणीच्या कामांत व्यत्यय येईल म्हणून तो मार्ग बदलीत असल्याचें रेल्वेमंत्र्यांनीं २०२५ सालीं सांगितलें, आणि तालुक्यांत असंतोष पेटला. विजेच्या तारेस घासत जाणाऱ्या गाडीच्या ठिणग्या दुर्बिणीच्या कानांत गडगडाटासारख्या घुसतात, हें शास्त्रज्ञांचें म्हणणें खोटें नाहीं. शेतकऱ्याचा माल पिढ्यान् पिढ्या रुळांवांचून अडून राहिला, हेंही खोटें नाहीं. गंमत अशी कीं, ज्या वाफेच्या इंजिनास आमचे शेजारी कर्कश म्हणून हिणवितात, तेंच बिचारें या तबकड्यांच्या कानांस जवळजवळ मुकें ठरलें असतें. हा वाद कसा मिटेल तो मिटो. परंतु उद्यां त्या तालुक्याच्या शिवेवर कोठेंही पहिली मालगाडी आली, तर तिच्यांत कांदा होता कीं कोळसा, ती कोणत्या इंजिनानें ओढली आणि पाहावयास कोण कोण जमलें होतें, हें शंभर वर्षांनंतर सांगणारें एक तरी चित्र कोणाच्या पेटींत असावें. मंत्र्यांच्या हारतुऱ्यांचीं चित्रें पुष्कळ निघतील. नागनिकेच्या काळापासून तीं निघतच आलीं आहेत. वाघिणींचें चित्र काढणारा मात्र कोणीतरी घरच्यांच्या हंसण्यास न जुमानतां टेकडीवर बसला असला पाहिजे. त्याला तेथून हांकलून देऊं नका, एवढेंच आमचें मागणें आहे.